संगणकासाठी सराउंड स्पीकर व साउंड कार्ड यांची निवड : व्यापारी दृष्टीने एक अभ्यास

धान्याच्या अडतीवर आयुष्य घालविलेल्या माणसाने ध्वनीच्या शास्त्रावर लेखणी उचलावी, हे काही वाचकांस चमत्कारिक वाटेल. परंतु माल कोणताही असो, तो पारखून घेणे हा व्यापाऱ्याचा धर्मच होय. पोत्यात सळई खुपसून मधला दाणा पाहिल्यावाचून आपण गव्हाचा भाव बोलत नाही. मात्र त्याच आपल्या घरी संगणकासाठी स्पीकरांचा संच आणावयाचा झाला, की खोक्यावरील रंगीत चित्र व मोठा आकडा पाहून पैसे मोजून मोकळे होतो. या विसंगतीकडे आमच्या व्यापारी बांधवांचे व त्यांच्या कुटुंबीयांचे लक्ष वेधावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. हिंडलगा, बेळगाव व निपाणी या आपल्या भागात आता बहुतेक घरांत संगणक आहे. त्यावर मुले अभ्यास करतात, खेळ खेळतात, आणि रात्री सारे कुटुंब एकत्र बसून चित्रपटही पाहते. तेव्हा हा विषय आता केवळ हौसेचा राहिलेला नाही. तो घरखर्चाचा आहे, घरातील वडीलधाऱ्यांच्या सोयीचा आहे आणि शेजारधर्माचाही आहे.

१. चहूबाजूंच्या आवाजाची थोडी पूर्वपीठिका

हिंदुस्थानातील पहिला बोलपट ‘आलम आरा’ १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात झळकला. पुढल्याच वर्षी, १९३२ साली, आपल्या शेजारच्या कोल्हापुरात प्रभात कंपनीने ‘अयोध्येचा राजा’ हा मराठी बोलपट काढला. प्रभातच्या बोलपटांच्या ध्वनिमुद्रणाची जबाबदारी विष्णुपंत दामले यांनी सांभाळली होती. त्या काळी सर्व आवाज एकाच वाहिनीतून येई. पडद्यामागे कर्णे असत आणि राजाचे बोलणे, राणीचे गाणे व मागचे वाद्यवृंद हे सर्व एकाच ठिकाणाहून ऐकू येई. त्याच सुमारास, १९३१ साली, ॲलन ब्लूमलाइन या इंग्रज संशोधकाने दोन वाहिन्यांच्या आवाजाचे, म्हणजे स्टिरिओचे, पेटंट मागितले. मनुष्यास कान दोन आहेत. डावीकडील आवाज डाव्या कानास किंचित आधी व किंचित मोठा पोहोचतो, आणि त्यावरून मेंदू दिशा ओळखतो. स्टिरिओचे सारे रहस्य एवढेच आहे.

पुढे चित्रपटगृहांत दोनावरून अधिक वाहिन्या आल्या. आपल्याकडे १९७५ साली आलेल्या ‘शोले’ची सत्तर मिलिमीटरची प्रत अनेक वाहिन्यांच्या आवाजासह मोठ्या शहरांतील चित्रपटगृहांत दाखविली गेली. १९९२ साली डॉल्बी डिजिटल ही पद्धती चित्रपटगृहांत आली, आणि ‘पाच पूर्णांक एक’ हा शब्दप्रयोग हळूहळू घरगुती बाजारातही रुळला. २०१२ पासून डॉल्बी ॲटमॉस या पद्धतीने छतावरूनही आवाज येऊ लागला.

संगणकाची कथा याहून निराळी आहे. १९८१ साली आलेल्या आय. बी. एम.च्या वैयक्तिक संगणकात केवळ टिकटिक करणारा एक लहानसा स्पीकर होता. १९८९ साली सिंगापूरच्या क्रिएटिव्ह या कंपनीने ‘साउंड ब्लास्टर’ हे कार्ड बाजारात आणले आणि संगणक खऱ्या अर्थाने बोलू व गाऊ लागला. तेव्हापासून अनेक वर्षे साउंड कार्ड म्हणजे निराळी विकत घ्यावयाची वस्तू, अशीच समजूत राहिली. आज ती समजूत तपासून पाहणे अगत्याचे झाले आहे.

२. आकड्यांचा अर्थ

२.०, २.१, ५.१, ७.१ असे आकडे खोक्यावर छापलेले असतात. त्यातील पहिला आकडा साध्या स्पीकरांची संख्या सांगतो, आणि बिंदूनंतरचा एक हा जाड, खर्जातला आवाज काढणाऱ्या पेटीचा, म्हणजे सबवूफरचा होय. त्यास ‘एक’ न म्हणता ‘बिंदू एक’ म्हणण्याचे कारण असे, की मुख्य वाहिन्या वीस हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज वाहतात, तर ही वाहिनी केवळ सुमारे १२० हर्ट्झपर्यंतचाच भार उचलते.

५.१ संचात समोर डावा, उजवा व मधला असे तीन, मागे किंवा बाजूस दोन, आणि एक सबवूफर असतो. ७.१ मध्ये बाजूचे दोन व पाठीमागचे दोन असे वेगळे केलेले असतात. ५.१.२ असे तीन आकडे दिसल्यास शेवटचा दोन हा छताकडील स्पीकरांचा समजावा.

यांतील मधल्या स्पीकरास वाचकांनी कमी लेखू नये. चित्रपटातील संवाद बहुतांशी याच वाहिनीतून येतात. घरातील आजोबा-आजींची तक्रार सहसा अशी असते, की गाणे व हाणामारी फार मोठी ऐकू येते, पण माणसे काय बोलतात ते कळत नाही. त्यावर घरातील तरुण आवाज वाढवितात. त्यामुळे संवादांबरोबर गोंगाटही वाढतो, आणि शेवटी वडील माणूस कंटाळून उठून जातो. ज्या घरी खरा मधला स्पीकर आहे, तेथे केवळ त्याचीच पातळी दोन-तीन डेसिबलने चढविता येते. इतर आवाज आहे तेथेच राहतो व संवाद स्पष्ट होतात. आमच्या मते सामान्य कुटुंबास ५.१ घेण्याचे सर्वांत सबळ कारण हेच आहे. मागून येणारा विमानाचा घरघराट हे नव्हे. दोनच स्पीकर असलेल्या घरी विंडोजमधील ‘लाउडनेस इक्वलायझेशन’ ही सोय चालू करून पाहावी. तीमुळे हळू आवाज उचलला जातो व मोठा दबतो.

३. आधी गरज, मग माल

आपण ऐकणार काय, याचा निर्णय खरेदीपूर्वी झाला पाहिजे. जुनी मराठी गीते एकाच वाहिनीत मुद्रित झालेली आहेत. नंतरची बहुतेक गीते व शास्त्रीय गायन दोन वाहिन्यांत आहे. आपल्या बेळगावजवळील सुळेभावी येथे १९२४ साली जन्मलेल्या कुमार गंधर्वांचे गायन ऐकावयाचे असेल, तर त्यास पाच स्पीकरांची काहीच आवश्यकता नाही. तेथे दोन उत्तम स्पीकर पाच सामान्य स्पीकरांपेक्षा शतपटीने श्रेष्ठ. यूट्यूबवरील बहुसंख्य चित्रफितींचा आवाज दोन वाहिन्यांचाच असतो. पैसे भरून पाहावयाच्या चित्रपटसेवांवर ५.१ आवाज असतो खरा, परंतु संगणकाच्या ब्राउझरमधून पाहताना अनेकदा दोनच वाहिन्या मिळतात. त्या सेवेचे स्वतंत्र ॲप वापरल्यास कित्येकदा पूर्ण आवाज लाभतो. डीव्हीडी, ब्लू-रे व संगणकावरील खेळ यांत मात्र चहूबाजूंचा आवाज खराखुरा असतो. खेळात पाठीमागून येणाऱ्याची चाहूल मागच्या स्पीकरातूनच लागते, म्हणून तरुण मंडळींचा त्याविषयीचा आग्रह अगदीच अनाठायी नाही.

सबब, घरात मुख्यतः गाणी, प्रवचने व बातम्या ऐकल्या जात असतील तर २.० किंवा २.१, चित्रपट व खेळ दोन्ही असतील आणि खोलीत मागे स्पीकर ठेवण्यास जागा असेल तर ५.१, आणि खोली खरोखर मोठी असेल तरच ७.१, असा साधा दंडक ठेवावा.

४. साउंड कार्ड : केव्हा घ्यावे, केव्हा घेऊ नये

आजच्या प्रत्येक संगणकाच्या मदरबोर्डवर ध्वनीची चिप बसविलेलीच असते. इंटेल कंपनीने १९९७ साली व पुन्हा २००४ साली यासाठी मानके ठरविली, आणि तेव्हापासून ही सोय सार्वत्रिक झाली. सीडीचा आवाज १६ बिटांचा असतो व त्यातील सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजातील अंतर सुमारे ९६ डेसिबल भरते. आजच्या चांगल्या मदरबोर्डवरील चिप ही पातळी गाठते. म्हणून ज्याचा टेबलावरचा संगणक अलीकडचा आहे व पाठीमागे पाच-सहा ध्वनीची छिद्रे आहेत, त्याने निराळे कार्ड घेण्याची घाई करू नये. प्रथम जे आहे ते पूर्णपणे वापरून पाहावे.

निराळे कार्ड पुढील प्रसंगी घ्यावे. पहिला प्रसंग : संगणक लॅपटॉप असून त्यास एकच छिद्र आहे, त्यातून दोनच वाहिन्या निघतात. दुसरा : स्पीकर शांत असता सूं असा आवाज येतो, किंवा माउस हलविताच चिरचिर ऐकू येते, ही संगणकाच्या आतील विजेची ढवळाढवळ होय. तिसरा : घरातील कोणी गायन-वादनाचे मुद्रण करणारा आहे. चौथा : खेळाचा आवाज प्रकाशतारेने ५.१ मध्ये पाठवावयाचा आहे. याविषयी पुढे सांगू.

कार्डांचे दोन प्रकार आहेत. एक संगणकाच्या पोटात बसणारे, आणि दुसरे यूएसबीने बाहेर जोडावयाचे. पोटातील कार्ड घेताना खाच पाहून घ्यावी. जुनी पीसीआय खाच नव्या मदरबोर्डांवर सहसा नसते, तेथे पीसीआय एक्स्प्रेस लागते. म्हणून कोणी जुने कार्ड स्वस्तात देऊ केले तर ते बसेल की नाही याची खात्री आधी करावी. बाहेरचे यूएसबी कार्ड संगणकाच्या आतील विद्युत गोंगाटापासून दूर राहते, लॅपटॉपलाही चालते आणि संगणक बदलला तरी सोबत येते. आपल्यासारख्या कुटुंबांस बहुधा हाच प्रकार सोयीचा पडतो. मात्र यूएसबी कार्ड ५.१चे आहे की केवळ दोन वाहिन्यांचे, हे छिद्रे मोजून पाहावे. ‘७.१ व्हर्च्युअल’ असे लिहिलेल्या कित्येक लहान कांड्यांत प्रत्यक्षात दोनच वाहिन्या असतात. बाकीचे काम हेडफोनसाठी केलेल्या गणिती युक्तीचे असते.

कार्डासोबतचे चालक-सॉफ्टवेअर, म्हणजे ड्रायव्हर, ही धान्यासोबतच्या पावतीइतकीच महत्त्वाची गोष्ट आहे. जुन्या कार्डांचे काही गुण केवळ जुन्या विंडोजवरच चालत. २००७ साली विंडोज व्हिस्टा सर्वसामान्य ग्राहकांसाठी आली तेव्हा खेळांच्या ध्वनीचे कार्डावरील जुने प्रवेगक बंद पडले, आणि अनेकांची महागडी कार्डे अर्धी निकामी ठरली. विंडोज १० चा नियमित आधारही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. तेव्हा आज कार्ड घेताना विंडोज ११ साठीचा ड्रायव्हर उत्पादकाच्या स्थळावर प्रत्यक्ष उपलब्ध आहे काय, हे पाहूनच पैसे द्यावेत.

५. जोडणी : जेथे बहुतेकांची फसगत होते

संगणकापासून स्पीकरांपर्यंत आवाज नेण्याचे चार मार्ग आहेत, आणि प्रत्येकाची क्षमता भिन्न आहे.

पहिला मार्ग साध्या तारांचा. संगणकाच्या मागील हिरव्या छिद्रातून समोरचे दोन, काळ्यातून मागचे दोन, आणि केशरी छिद्रातून मधला व सबवूफर असा आवाज निघतो. करड्या रंगाचे छिद्र असल्यास ते ७.१ मधील बाजूच्या स्पीकरांचे होय. गुलाबी छिद्र मायक्रोफोनचे व निळे बाहेरून आत येणाऱ्या आवाजाचे. मागे तीनच छिद्रे असतील, तर अनेक मदरबोर्डांवर निळे व गुलाबी छिद्र सॉफ्टवेअरमधून बदलून मागच्या व मधल्या स्पीकरांसाठी वापरता येते. या मार्गाने ५.१ साठी तीन तारा लागतात. एकाच तारेवर ५.१ चालते असे कोणी सांगितल्यास ते मानू नये.

दुसरा मार्ग प्रकाशतारेचा, ज्यास ऑप्टिकल म्हणतात. या तारेतून असंपीडित आवाजाच्या दोनच वाहिन्या जातात. डीव्हीडीवरील डॉल्बी किंवा डीटीएसचा आवाज मुळातच दाबून भरलेला असल्याने तो ५.१ रूपात जातो. पण खेळाचा आवाज संगणक त्या क्षणी घडवीत असतो, तो दाबलेला नसतो, आणि म्हणून दोन वाहिन्यांवर येऊन थांबतो. त्यासाठी ‘डॉल्बी डिजिटल लाइव्ह’ किंवा ‘डीटीएस कनेक्ट’ ही सोय असलेले कार्ड लागते.

तिसरा मार्ग एचडीएमआयचा. यातून असंपीडित आवाजाच्या आठ वाहिन्यांपर्यंत नेता येतात. ज्याच्या घरी एचडीएमआय असलेला ॲम्प्लिफायर-रिसीव्हर आहे, त्याने संगणकाच्या ग्राफिक्समधून एचडीएमआय तार थेट त्यास जोडावी. मग साउंड कार्ड घेण्याचे प्रयोजनच उरत नाही.

चौथा मार्ग ब्लूटूथचा. संगणकावरून गाणी ऐकण्यासाठी वापरला जाणारा ब्लूटूथचा नेहमीचा प्रकार दोनच वाहिन्यांचा असतो, आणि त्यात आवाज किंचित उशिरा पोहोचतो. गाणे ऐकण्यास तो चालतो, खेळास चालत नाही.

येथेच बाजारातील सर्वांत मोठी फसगत दडलेली आहे. ‘५.१ होम थिएटर’ म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक स्वस्त संचांच्या पाठीमागे आवाज आत घेण्यासाठी लाल व पांढरी अशी दोनच छिद्रे असतात. त्यांत ब्लूटूथ व पेन ड्राइव्हची सोय असते, स्पीकरही पाच असतात. परंतु आत येणाऱ्या वाहिन्या दोनच. त्याच दोन वाहिन्यांची नक्कल पाचही स्पीकरांत वाटली जाते. हे म्हणजे एकाच पोत्यातील तांदूळ पाच पोत्यांत भरून पाच निरनिराळ्या जाती म्हणून मांडण्यासारखे आहे. दुकानात गेल्यावर संचाचे तोंड पाहू नये, पाठ पाहावी. तेथे सहा वाहिन्यांची सहा छिद्रे किंवा तीन तारांची जोडणी, अथवा डॉल्बी उलगडणाऱ्या यंत्रणेसह ऑप्टिकल वा एचडीएमआय छिद्र दिसले, तरच तो संच खरा ५.१ समजावा.

६. वॅटचे माप व खोटे शेर

१९५६ चा मापनाचा कायदा होऊन दशमान वजने येण्यापूर्वी प्रत्येक पेठेचा शेर वेगळा असे, हे आमच्या वडील पिढीने प्रत्यक्ष अनुभवले होते. स्पीकरांच्या बाजारात अद्याप तशीच स्थिती आहे. खोक्यावर ‘५००० वॅट पीएमपीओ’ असे लिहिलेले असते. या पीएमपीओस कोणतेही सर्वमान्य माप नाही. उत्पादक आपल्या सोयीने तो आकडा ठरवितो. जमेस धरावयाचा आकडा ‘आरएमएस’ या नावाचा, म्हणजे सतत देता येणाऱ्या शक्तीचा. त्यातही तो आकडा किती विकृतीसह दिला आहे हे पाहावे. १० टक्के विकृतीवर मोजलेले वॅट १ टक्क्यावर मोजलेल्या वॅटांपेक्षा नेहमीच फुगलेले असतात.

याची एक सोपी पारख आहे. संचाच्या मागील पट्टीवर तो किती वीज खातो ते लिहिलेले असते. जो संच ६० वॅट वीज घेतो, तो ५०० वॅट आवाज सतत देऊ शकणार नाही. ज्या गिरणीत एक क्विंटल गहू घातला, तिच्यातून दीड क्विंटल पीठ निघत नाही.

शिवाय, वॅट दुप्पट केल्याने आवाज दुप्पट होत नाही. तो केवळ ३ डेसिबलने वाढतो. कानास दुप्पट भासण्यासाठी सुमारे १० डेसिबल, म्हणजे दहापट वॅट लागतात. एक वॅटवर एक मीटर अंतरावर ८५ डेसिबल देणारा स्पीकर १० वॅटवर ९५ डेसिबल देतो, आणि एवढा आवाज घरात सोसवत नाही. साधे बोलणे सुमारे ६० डेसिबलचे असते. तेव्हा १० फूट बाय १२ फुटांच्या खोलीसाठी प्रत्येक स्पीकरामागे १५ ते २५ खरे वॅट भरपूर झाले. उरलेले पैसे वॅटात न घालविता स्पीकरांच्या दर्जात घालावेत.

७. मांडणी व खोली

उत्तम संच वाईट मांडणीत वाया जातो, आणि मध्यम संच चांगल्या मांडणीत उजळतो. मांडणीस एक पैही पडत नाही, म्हणून हा भाग लक्षपूर्वक वाचावा. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने यासाठी मानक दिले आहे : मधला स्पीकर बरोबर समोर, डावा व उजवा प्रत्येकी ३० अंशांवर, आणि मागचे दोन १०० ते १२० अंशांवर, म्हणजे कानांच्या रेषेच्या किंचित मागे. मागचे स्पीकर अगदी पाठीमागच्या भिंतीवर ठोकण्याची आपली पद्धत त्यामुळे योग्य नाही.

घरी कोन मोजण्याची साधने नसतात. त्यासाठी सुतळी पुरते. बसावयाच्या जागेपासून डावा स्पीकर २ मीटरवर ठेवला, तर उजवाही २ मीटरवर आणि त्या दोहोंतील अंतरही २ मीटरच ठेवावे. हा समभुज त्रिकोण झाला, की ३० अंश आपोआप साधतात. पाचही स्पीकर शक्यतो समान अंतरावर असावेत. ते जमत नसल्यास रिसीव्हरमध्ये किंवा ध्वनीच्या सॉफ्टवेअरमध्ये अंतर भरण्याची सोय असते. आवाज सेकंदास सुमारे ३४३ मीटर जातो. मागचा स्पीकर समोरच्यापेक्षा १.७ मीटर जवळ असला, तर त्याचा आवाज एका सेकंदाच्या सुमारे दोनशेव्या भागाइतका आधी पोहोचतो, आणि तेवढ्याने दिशेचा भास बिघडतो. बारीक आवाजाचा लहान स्पीकर, म्हणजे ट्विटर, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर यावा.

सबवूफरची दिशा कानास फारशी कळत नाही, कारण ८० हर्ट्झच्या लहरीची लांबीच सव्वाचार मीटरहून अधिक असते. म्हणून तो कोठेही ठेवता येतो असे म्हणतात. परंतु त्यास मर्यादा आहे. कोपऱ्यात ठेवल्यास खर्ज फुगतो व घुमतो. समोरासमोरच्या भिंतींत ११ फूट अंतर असलेल्या खोलीत ५० हर्ट्झच्या आसपासचा आवाज विशेष घुमतो. योग्य जागा शोधण्याची एक युक्ती अशी, की सबवूफर क्षणभर आपल्या बसण्याच्या जागी ठेवावा, एखादे खर्जाचे गाणे लावावे, आणि आपण भिंतीकडेने फिरून जेथे तो आवाज सर्वांत समतोल ऐकू येईल ती जागा शोधावी. मग सबवूफर तेथे न्यावा.

आपल्याकडील जुन्या घरांत शहाबादी फरशी व गुळगुळीत भिंती असतात. त्यांवरून आवाज उसळतो व संवाद अस्पष्ट होतात. जाड पडदा, सतरंजी, पुस्तकांचे कपाट आणि आपली घरची गोधडी यांनी हा दोष पुष्कळ कमी होतो. खोलीच्या एका भिंतीवर दोन गोधड्या टांगून फरक ऐकावा. मगच नवे कार्ड घेण्याचा विचार करावा.

सर्व जोडून झाल्यावर विंडोजमधील ध्वनीच्या रचनेत जाऊन ५.१ निवडावे व चाचणीचे बटण दाबून एकेका स्पीकरातून आवाज येतो की नाही हे पडताळावे. डावा-उजवा उलट लागलेला असणे ही सामान्य गोष्ट आहे.

८. वीज, पाऊस व गुणगुणाट

हिंडलगा व बेळगाव-वेंगुर्ले रस्त्यावरील गावांत पाऊस भरपूर व दमट हवा दीर्घकाळ असते. कागदी पडद्याचे स्पीकर भिंतीस चिकटवून ओलीत ठेवू नयेत. वळवाच्या पावसात विजा कडाडू लागताच बटण बंद करणे पुरेसे नाही. प्लग व केबलची तार दोन्ही काढावीत.

स्पीकरांतून सतत घूं असा आवाज येत असेल तर तो बहुधा ५० हर्ट्झच्या घरगुती विजेचा, जमिनीच्या तारेचा फेरा पडल्याने येतो. संगणक व ॲम्प्लिफायर निरनिराळ्या भिंतींवरील प्लगांत असल्यास ते एकाच पट्टीवर घ्यावेत. पुष्कळदा एवढ्यानेच काम भागते. काही मंडळी गुणगुणाट घालविण्यासाठी तीन दांड्यांच्या प्लगाची जमिनीची दांडी काढून टाकतात. हे कृत्य कोणीही, कदापि करू नये. त्याने आवाज जातो, पण माणसाचा जीवही जाऊ शकतो.

९. दुकानातील परीक्षा

दुकानदार स्वतःचे गाणे लावून दाखवील, कारण त्यात धडधडाट असतो व तो प्रथम ऐकता मोह पाडतो. आपण आपल्या परिचयाचे ध्वनिमुद्रण सोबत न्यावे. तानपुऱ्याची जोडी ऐकावी : चांगल्या स्पीकरात तिचे बारीक झंकार मोकळे व एकमेकांत मिसळलेले येतात, वाईटात ते धातूसारखे टोचतात. तबल्याचा बायाँ ऐकावा : त्याची मींड घसरत जाताना कळली पाहिजे, केवळ ‘धम्’ असा एकच गोळा येत असेल तर खर्ज खोटा. शेवटी एखाद्या स्त्रीचे व पुरुषाचे साधे बोलणे ऐकावे, कारण मनुष्याच्या आवाजातील कृत्रिमता आपल्या कानास सर्वांत लवकर कळते. दोन संच ताडून पाहताना दोन्हींची पातळी सारखी करून घ्यावी; जो संच थोडा मोठा वाजतो तोच चांगला वाटणे हा कानाचा स्वभाव आहे. खरेदी पक्की करताना जीएसटीचे बिल, हमीपत्र व दुरुस्तीची सोय बेळगावातच आहे काय याची विचारणा करावी.

पैशाच्या वाटणीविषयी आमचे मत असे : टेबलावरचा संगणक असल्यास सारी रक्कम स्पीकरांत घालावी. लॅपटॉप असल्यास शंभरांतील पंधरा-वीस रुपये यूएसबी कार्डास व उरलेले स्पीकरांस द्यावेत. रक्कम थोडी असेल तर आज दोन उत्तम स्पीकर घ्यावेत, आणि पुढे ऐपत झाल्यावर रिसीव्हरसह पाच करावेत. भांडवल एकदम गुंतवून हलका माल भरण्यापेक्षा थोडा पण खरा माल भरणे, हे आपल्या पेढीचे तत्त्व येथेही लागू पडते.

१०. कान व शेजार

जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार प्रौढांनी ८० डेसिबलचा आवाज आठवड्यास ४० तासांहून अधिक ऐकू नये. मुलांसाठी हीच मर्यादा ७५ डेसिबलची आहे. आवाजाने कानातील जे सूक्ष्म पेशीकेस नष्ट होतात ते पुन्हा येत नाहीत. द्रव्य गेले तर व्यापारात परत मिळविता येते. ऐकण्याची शक्ती परत विकत मिळत नाही. भ्रमणध्वनीवर आवाज मोजणारे ॲप असते. ते तंतोतंत नसले तरी अंदाज देण्यास पुरते. मुलांच्या खोलीत ते एकदा धरून पाहावे, असा आमचा आग्रह आहे.

तसेच ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागातील आवाजाची मर्यादा दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल आहे, आणि रात्र म्हणजे १० ते ६ अशी गणली जाते. सबवूफरचा खर्ज भिंत ओलांडून जातो. आपणांस तो गोड वाटत असला तरी शेजारच्या आजाऱ्यास व परीक्षेस बसणाऱ्या मुलास तो छातीवर बसतो. सबवूफरखाली जाड रबर किंवा घडी घातलेली गोधडी ठेवावी, तो सामाईक भिंतीपासून दूर ठेवावा, आणि रात्री दहानंतर त्याचे बटण बंद ठेवावे. पहाटे गाळ्यावर जाणाऱ्या आपल्या व्यापारी बांधवांस झोपेचे मोल निराळे सांगावयास नको.

सारांश

पाच प्रश्न विचारल्यावाचून खरेदी करू नये. आपण काय ऐकणार? संगणकातून किती वाहिन्या बाहेर पडतात? संचाच्या पाठीमागे किती वाहिन्या आत जातात? खरे आरएमएस वॅट किती? आणि खोलीत मांडणीस जागा आहे काय? या पाचांपैकी एकाचे जरी उत्तर समाधानकारक नसेल, तरी पैसा खिशात ठेवून घरी यावे. माल उद्याही बाजारात असेलच. खऱ्या मापाचा संच, बेताचा आवाज आणि समोर एकत्र बसलेले कुटुंब, ज्यात आजोबांसही प्रत्येक संवाद कळतो आहे, हीच या खरेदीची खरी मिळकत होय. आमच्या व्यापारी बांधवांस हा अल्पसा अभ्यास उपयोगी पडल्यास आमचे श्रम सार्थकी लागले असे आम्ही समजू.